सभेला शेवटी येणारा

मातुगेनचा जीव चुन्यापायी जाणार होता.

युद्धाच्या सभेला जायचं तर केसांना चुन्याचं पाणी लावून ते घोड्याच्या आयाळीसारखे ताठ उभे करायचे, ही टोळीची रीत. आणि सभेला जो सगळ्यांत शेवटी पोचेल त्याला सगळ्यांदेखत कापायचा, हीसुद्धा रीत. या दोन रीती पाडणारे पूर्वज बहुधा एकमेकांशी बोलत नसावेत. सकाळपासून मोसा नदीवर धुकं होतं आणि चुना काही केल्या वाळेना.

"असाच जा की," बायको लितुमारा म्हणाली.

"ओल्या केसांनी? लोक काय म्हणतील?"

"मेल्यावर चांगलंच म्हणतील."

भाला उचलून तो पळत सुटला. माळावर अख्खी टोळी आधीच गोल करून बसली होती. सगळ्यांनी त्याच्याकडे फार मायेनं पाहिलं. त्यानं मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"ये रे बाबा, तुझीच वाट बघत होतो," टोळीचा नायक सेगोमार म्हणाला. तो मातुगेनचा सख्खा मामा.

"मामा, चुना वाळत नव्हता हो."

"केस मात्र छान बसलेत. टेक गुडघे."

पुजारी सुरा पुसू लागला. मातुगेन गुडघे टेकायला कोरडी जागा शोधू लागला.

तेवढ्यात धुक्यातून एक घोडा आला. घोड्यावर रोमचा वकील, म्हणजे दूत. फौजेसाठी धान्य मागायला आला होता. "उशीर तर नाही ना झाला?" त्यानं मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं.

आता सगळ्यांत शेवटी आलेला तो होता. पुजाऱ्याची नजर सावकाश वकिलाकडे वळली. रीत म्हणजे रीत. पण नदीपलीकडे रोमच्या पलटणी होत्या. वकिलाला खरचटलं जरी असतं, तरी संध्याकाळपर्यंत गावात कोंबडंसुद्धा उरलं नसतं. देवाकडे नेमकं काय मागावं हे मातुगेनला कळेना. वकील मेला तर गाव जळणार, वाचला तर आपण मरणार.

मामानं घसा खाकरला. "छे हो, उशीर कसला? सभा उद्या आहे. अजून कुणी आलेलंच नाही."

"मग ही माणसं?"

"ही चाललीच होती. उठा रे."

वकील घोड्याला पाणी पाजायला ओढ्यावर गेला. मातुगेन घराकडे निघाला आणि थबकला. उद्या पुन्हा उशीर झाला तर? रात्र इथंच काढलेली बरी. तो वाटेकडेच्या झुडपात शिरला.

"पाय काढ, माझा हात आहे तो," आतून आवाज आला.

"मामा? तुम्ही?"

"का? मला जीव नाही?"

शेजारच्या झुडपात कुणीतरी शिंकलं. त्याच्या पलीकडे पुजारी होता. अख्खी टोळी भाल्यांसकट वाटेच्या दोन्ही बाजूंना दबा धरून बसली होती, उद्या पहिला नंबर लावायला.

त्याच वाटेनं वकील परतला. घोडा थांबला. झुडपाझुडपातून पांढरे ताठ केस वर आले होते. वकिलानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा त्या केसांइतका पांढरा झाला.

"सभा उद्याच आहे," मामा झुडपातून आदबीनं म्हणाला.

वकिलानं घोड्याला टाच मारली. थोड्याच वेळात नदीपलीकडे शिंगं वाजू लागली.

"मामा, आता सभा?"

"कसली सभा? लढायचं की नाही ते ठरवायला होती. ठरलं."

"म्हणजे मी वाचलो?"

मामानं नदीकडे बोट दाखवलं. धुकं विरत होतं, आणि पलटणी पाण्यात उतरत होत्या.