काडेपेट्यांचा खप

दुपारच्या वेळी काकूंच्या दुकानात पार्सले झोपलेली असत. खिडकीतून आत आलेले ऊन एकेका फळीवरून सावकाश खाली उतरे, खाकी पुठ्ठ्यांच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखे फिरे आणि गल्ल्यापाशी येऊन निवे. गल्ल्यामागे बसलेल्या काकूंना वाटे, ही खोकी श्वास घेत आहेत. प्रत्येकाच्या पोटात कोणाची तरी इच्छा आहे आणि उघडेपर्यंत ती काहीही असू शकते. उघडल्यावर मात्र ती नुसती कढई निघते, नाहीतर काखेत घट्ट होणारा सदरा.

पार्सले काकूंची नव्हती. गाव टेकडीच्या उतारावर विखुरलेले. घरांना क्रमांक नाहीत, वाटांना नावे नाहीत. मोटारसायकलवरून येणाऱ्या पार्सलवाल्याने पहिल्याच महिन्यात हात टेकले आणि सगळा माल तिठ्यावरच्या या एकुलत्या एका दुकानात उतरवायला सुरुवात केली. “मावशी, सगळं गाव तुमच्याकडेच येतं ना,” असे त्याने तेव्हा म्हटले होते. गाव येत असे, हे खरे. पण फोनवर बोट फिरवून वस्तू मागवण्याची सवय जडल्यापासून ते काय न्यायला येत असे, हे काकूंना कळत होते. साबण, चादरी, वह्या, बादल्या. ज्यांच्यावर त्यांनी संसार उभा केला त्याच वस्तू आता बंद खोक्यांतून त्यांच्याच फळ्यांवर मुक्कामाला येत आणि काकू त्यांना उन्हाची झळ लागू देत नसत.

“सवतीची पोरं सांभाळावीत तशी सांभाळतेस,” नणंद म्हणे.

नणंद मागच्या खोलीत राहत असे. तिने लग्न केले नव्हते आणि वहिनीला टोमणा मारण्याची एकही संधी वाया घालवली नव्हती.

गिऱ्हाईक असे एकेक करून निसटत असताना एक वस्तू मात्र भलतीच खपू लागली होती, ती म्हणजे काडेपेटी. येणारा पार्सल बगलेत मारी, उंबऱ्याकडे वळे, तिथे घुटमळे, पुन्हा फळ्यांकडे पाहून म्हणे, “आणि हां, एक काडेपेटी द्या.” शिंपीण नेई, मास्तर नेत, खालच्या वाटेवरच्या आजीही नेत.

“वहिनी, गाव पेटवायचा बेत आहे की काय लोकांचा?”

“चुलीला लागते, दिव्याला लागते. लायटर बिघडतात.”

“सगळ्यांचे एकदम?”

दिवस मावळताना उतारावर एकेक खिडकी उजळू लागली, की काकू पायरीवर येऊन उभ्या राहत. प्रत्येक खिडकीच्या आत कोणीतरी आपल्या दुकानातली काडी ओढली आहे, तिच्या टोकाशी क्षणभर एक पिवळी पाकळी उमलली आहे, असे त्यांना वाटे. विजेच्या दिव्यांना काडी लागत नाही, हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. पण काही गोष्टी माहीत असूनही माणूस त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो, आणि काकूंची पाठ त्या संध्याकाळींत फार हलकी झालेली असे.

अशातच पार्सलवाला निरोप घेऊन आला. कंपनीला अख्खी खोली हवी होती. फळ्या राहतील, पण त्यांवर फक्त पार्सले. गल्ला, तराजू, दारावरची पाटी, सगळे हलवायचे. दरमहा ठरलेले भाडे. काकू नाही म्हणाल्या, तर वळणावरचा पेट्रोल पंप तयार होता.

“विचार काय करायचा त्यात, मावशी? गिऱ्हाइकाची वाट बघणं नको. भाडं घरबसल्या.”

“आणि मी कुठे बसू?”

“बसायची गरजच नाही. तेच तर सांगतोय.”

“शनिवारी ये,” काकू म्हणाल्या.

दुकान राहणार की नाही, हा प्रश्न शनिवारपर्यंत त्यांच्या उशापायथ्याशी बसणार होता. तो बसू नये म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी पेठेतल्या ठोक व्यापाऱ्याकडून काडेपेट्यांचा मोठा खोका मागवला आणि गल्ल्यामागचा अख्खा खण त्यांच्यासाठी रिकामा केला. जी वस्तू दुकानाला तारते आहे, तिला ऐसपैस जागा नको का? लाल-पिवळ्या पेट्यांची भिंत रचून झाल्यावर त्या मागे सरकल्या आणि एखाद्या चित्राकडे पाहावे तशा तिच्याकडे पाहत राहिल्या. शनिवारचे उत्तर त्यांच्या दृष्टीने तिथेच लिहिलेले होते.

शिंपीण काही दिवस फिरकली नाही. तिचे पार्सल फळीवर तसेच पडून होते. शुक्रवारी दुपारी नणंदेला गल्ल्यावर बसवून काकू ते घेऊन टेकाड चढल्या.

शिंपिणीची खोली कापडाच्या कातरणांनी भरलेली होती. पाऊल टाकले की ढगावर टाकल्यासारखे वाटे. मशीनवर एक सदरा होता, एका बाहीचा. “बसा ना काकू, चहा टाकते,” असे म्हणत तिने शेगडीचे बटण फिरवले आणि लायटर दाबला. टक्. निळी ज्योत एका दमात लागली.

काकूंची नजर शेगडीच्या वरच्या कोनाड्यात गेली. तिथे काडेपेट्या होत्या. विटांसारख्या, एकावर एक, कोनाड्याच्या छतापर्यंत. एकीचेही वेष्टन फुटलेले नव्हते. दारे-खिडक्या नसलेले एखादे मुके शहर कोणीतरी वसवून ठेवावे, तसे दिसत होते ते.

“एवढ्या?”

शिंपिणीने वळून पाहिले नाही. “असू द्या हो. काड्या काही नासत नाहीत.”

“मग नेतेस कशाला?”

“आता काय सांगू काकू. दुसरीकडून मागवलेलं सामान तुमच्या दुकानातून उचलायचं आणि तसंच हात हलवत निघायचं, कसंतरीच होतं. काहीतरी घ्यावं वाटतं. त्यातल्या त्यात काडेपेटी परवडते.”

“सगळ्यांचं असंच?”

“मास्तरांनी माळ्यावर टाकल्यात. आजींच्या नातीनं तर त्यांचा किल्ला केलाय.” मग तिला काकूंचा चेहरा दिसला आणि ती घाईने कप विसळू लागली.

चहा आला. काकूंना त्याची चव कळली नाही. उतारावरच्या त्या खिडक्या त्यांच्या मनात एकेक करून मालवत चालल्या होत्या. गाव त्यांच्याकडून खरेदी करत नव्हते; गाव त्यांची भीड राखत होते. आणि लोकांच्या संकोचावर त्या दुकान चालवत होत्या. पंपवाल्यानेच ठेवावीत ती खोकी, असे त्यांच्या ओठांपर्यंत आले. ते गिळून त्यांनी फक्त विचारले, “एवढ्या वेळा आलीस. खरंच काही लागत नव्हतं तुला?”

“लागतंय की.” शिंपिणीने मशीनकडे मान वळवली. “पांढरा दोरा. मंगळवारी संपला. मागवलाय, पण तो यायचा पुढच्या आठवड्यात. तोवर हा सदरा असाच लुळा.”

“अगं, मग मला सांगायचंस. माझ्याकडचाही संपलाय, पण पेठेतून मागवला असता.”

“मागायलाच आले होते. दारातूनच दिसलं, दोऱ्याच्या खणात तुम्ही काडेपेट्या रचत होता. म्हटलं, दोरा ठेवणं बंद केलं वाटतं. आणि आत आले असते तर पुन्हा काडेपेटी घ्यावी लागली असती.”

काकूंना हसू आले; आधी नाकातून, मग खांद्यांतून, आणि शेवटी डोळ्यांतून. शिंपिणीला वाटले त्या रडत आहेत, म्हणून तिने पाणी आणले. तिचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

शनिवारी पार्सलवाला आला तेव्हा काकू स्टुलावर उभ्या होत्या आणि नणंद खालून काडेपेट्या झेलत होती.

“आधी चढवायच्या, मग उतरवायच्या,” नणंद त्याला म्हणाली. “व्यायाम चाललाय आमचा.”

“म्हणजे खोली रिकामी करताय? होकार कळवू ना, मावशी?”

“नकार कळव.” काकू खाली उतरल्या. “पार्सलं ठेवीन. पण ज्याचं पार्सल त्याच्याकडून ठेवणावळ घेईन, उघडपणे.”

“लोक देतील?”

“काडेपेटीएवढी घेईन. तेवढी देतच आहेत.”

“आणि कंपनीनं सगळं पंपावर हलवलं तर?”

काकूंनी फडक्याने खण पुसला. हा प्रश्न त्यांनी रात्रभर उलटसुलट करून पाहिला होता. “हलवलं तर हलवलं. तू पेठेतून येतोस ना रोज? सोमवारी येताना दोऱ्याची रिळं आण. पांढरी जास्त. तुझं भाडं देईन.”

“मावशी, मला हमाल केलंत की.”

“होतासच. इतके दिवस परक्यांचा होतास.”

सोमवारी रिळे आली तेव्हा शिंपीण पायरीवर बसून होती, मांडीवर तो सदरा. घरी जाण्याइतका धीर तिला नव्हता. तिथेच सुई ओवून ती बाहीला हाताने टाके घालू लागली. वाऱ्याने सदरा फुगला, दोन क्षण तिच्या मांडीवर कोणी अदृश्य माणूस टेकल्यासारखा दिसला, आणि पुन्हा निजला.

मास्तर पार्सल न्यायला आले. त्यांनी ते बगलेत मारले, ठेवणावळ गल्ल्यावर ठेवली आणि सवयीने उंबऱ्याशी घुटमळले. आता काहीच घ्यायचे नव्हते. त्या मोकळेपणाने ते गोंधळले असावेत, कारण निघण्याऐवजी त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिले. एका बुटाला नाडी होती, दुसऱ्याला सुतळी.

“बुटाच्या नाड्या ठेवता का हो, काकू?”

“ठेवत नव्हते,” काकू म्हणाल्या आणि खणातल्या रिळांना थोडे डावीकडे सरकवू लागल्या.