पडद्यामागच्या मालकिणीचा मीटर

मी एक मल्टिमीटर, म्हणजे वीज तपासायचा मीटर बोलतोय. पिवळं अंग, पोटावर गोल चकती आणि लाल-काळ्या वायरींचे दोन हात. तार अखंड असली की मी 'टूंऽऽ' करतो, तुटलेली असली की गप्प बसतो. खोटं बोलायची सोय माझ्यात नाही. चहाडी करायला मात्र मला मनापासून आवडतं.

माझ्या मालकिणीने मला पहिल्या पगारातून घेतलं. ती शिकलेली इंजिनिअर. पण कारखान्यात यंत्रांना हात पुरुषांनी लावायचा आणि हिने फायली भरायच्या, अशी वाटणी होती. तीन वर्षं मी तिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी काढली. शेवटी वैतागून तिने राजीनामा दिला आणि दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचं दुकान थाटलं.

गिऱ्हाइकं यायची, तिला बघायची, मग तिच्या पाठीमागे बघायची. "साहेब नाहीत का?"

"मीच बघते सगळं."

"असू दे, नंतर येतो." ते 'नंतर' काही उगवत नव्हतं.

मग तिच्या आईने तोडगा काढला, "मामाला बसव." मामा म्हणजे निवृत्त शिंपी. स्वतः शिवलेला कोट चढवून खुर्चीत बसले की साक्षात साहेब! यंत्र आलं की त्याला बोट लावायचे, "हं" करायचे आणि चाळीस वर्षांच्या सवयीने सांगायचे, "दोन दिवसांनी या." गिऱ्हाईक खूश. पडद्यामागे ती दहा मिनिटांत काम उरकायची. मला तर मामा मापाच्या टेपसारखं गळ्यात अडकवायचे. मजा यायची, खोटं कशाला बोलू? पण काम तिचं आणि वाहवा मामांची, हे बघून आतून जळायचोही.

एके दिवशी एका मोठ्या दवाखान्याचे व्यवस्थापक नवजात बाळांना ऊब देणारी, बंद पडलेली पेटी घेऊन आले. "साहेब, माझ्यासमोर तपासा. जमलं तर आमच्या सगळ्या यंत्रांचं काम तुमचं."

पडदा हलला. हे काम गेलं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं आणि ती पुन्हा फायलींत गेली असती.

मामांनी देवाचं नाव घेतलं. माझी लाल वायर त्यांनी दिसेल त्या भोकात खुपसली. ते भोक होतं करंट मोजायचं, आणि माझी दोन्ही टोकं त्यांनी थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घातली! फाट्! माझ्या पोटातला फ्यूज उडाला, पंखा थांबला, मामा खुर्चीसकट मागे सरकले.

ती पडदा सारून बाहेर आली. आधी मामांचे हात पाहिले, मग मेन स्विच वर केला. माझी लाल वायर काढून योग्य जागी लावली. तो एक फ्यूज गेला तरी माझा बाकीचा संसार शाबूत असतो. पेटीच्या केबलमधल्या दोन तारांवर मी टूं केलं, तिसरीवर गप्प. तिने प्लगजवळची तार कापून नव्याने जोडली. पेटी तापू लागली.

व्यवस्थापक मामांकडे वळले. "साहेब, तुमची असिस्टंट हुशार आहे हो!"

मामांनी चष्मा काढला. "कसली असिस्टंट? मालकीण आहे ती. मी शिंपी. तुमच्या पँटची मागची शिवण उसवलीय, ती मी देतो घालून. यंत्राचं तिच्याशी बोला."

व्यवस्थापकांचा हात झटकन मागे गेला. ते ओशाळून म्हणाले, "मग मॅडम, सोमवारी दवाखान्यात याल?"

"सोमवार कशाला? आत्ताच येते," ती म्हणाली आणि मला उचलून निघाली. पर्समध्ये नाही, हातात धरून!

आता माझी चकती सैल झालीय, काचेला तडा गेलाय. तिने नवा मीटर घेतला, पण शिकायला आलेल्या दोन मुलींचे हात आधी माझ्यावरच बसतात. परवा एकीने फ्यूज उडवला आणि रडवेली झाली, तेव्हा मालकिणीने तिच्या हातात दुसरा फ्यूज ठेवला, बस्स.

तुमच्या घरी एखादी मुलगी मिक्सर उघडून बसली असेल, तर तिच्यावर ओरडू नका. फार तर काय होईल? जोडून झाल्यावर एक स्क्रू उरेल. तो जपून ठेवा आणि तिला विचारा, "आता पुढे काय उघडायचं?"