तंजावूर ते पापनाशम, तळघरातून

तळघरातली ती भिंत मी स्वतः घातली. १९५७ साली घराच्या वाटण्या झाल्या, त्या दिवशी धाकट्या भावाने, जयतीर्थाने माझं कपाळ फोडलं, मी त्याचे दोन दात पाडले आणि संध्याकाळच्या आत विटा आणल्या. आम्ही दोघांनी मिळून मांडलेल्या खेळातल्या रेल्वेचेही दोन तुकडे झाले. तंजावूर स्टेशन माझ्याकडे, पापनाशम त्याच्याकडे. अजून पुरी न झालेली लाईन ज्या दगडी कट्ट्यावरून जायची होती, त्याच्या मधोमध भिंत उभी राहिली.

चाळिशीतले दोन बाप्ये असा अबोला धरून खेळणं पुरं करत बसलेत म्हणून गाव हसायचं. हसू दे. मी रोज खाली उतरून पत्र्याचे रूळ ठोकत राहिलो. पलीकडे त्याची हातोडी वाजायची. ती ऐकली की माझं डोकं फिरायचं, आणि एखाद्या दिवशी वाजली नाही तर जेवण जायचं नाही.

सहा वर्षांनी, एका रविवारी दुपारी, माझा शेवटचा रूळ भिंतीला टेकला. ज्यासाठी एवढा जीव आटवला ते झालं होतं, आणि पुढे वीट. मला आनंद झाला नाही, संताप आला. तेवढ्यात पलीकडून छिन्नीचे घाव पडू लागले. चुना गळाला, एक वीट हलली. माझं स्टेशन मोडायला येतोय, दुसरं काय! मी घण उचलून दबा धरला.

वीट पडली. भोकातून हात आला. मी सगळ्या ताकदीनिशी घाव घातला. हाडं मोडल्याचं ऐकू आलं, तरी पुन्हा घातला.

त्याची बायको सुंदरी किंचाळली. हात मागे ओढला गेला. कट्ट्यावर रक्त होतं, आणि लाकडी पट्ट्यांवर बसवलेले वीतभर लांबीचे दोन रूळ. बरोबर भिंतीच्या जाडीएवढे.

"काय केलांत हें, भाऊजी?" सुंदरी भोकातून बोलली. "तुमचा रूळ भिंतीस लागला तें ऐकून जोड द्यावया आले होते ते. बोटं चेंदलीं त्यांचीं."

माझ्या हातून घण गळाला. मी तो तुकडा भोकात सरकवला. दोन्हीकडचे रूळ केसभरही न चुकता लागले.

"अण्णा," पलीकडून जयतीर्थ कण्हत बोलला, "जुळली का लाईन?"

मला रडू कोसळलं. "जुळली," मी म्हणालो. सहा वर्षांत त्याच्याशी बोललेला तो माझा पहिला शब्द.