जास्तीचा रुमाल

मोठ्या आईंनी उभ्या जन्मात कुणाला मोजून बारा रुमाल दिले नव्हते. डझन मागितला की तेरा द्यायचे, ही त्यांच्या घरची रीत. रीत म्हणजे तरी काय, त्यांनीच पाडलेली. मागच्या खोलीत खिडकीशी बसून त्यांनी रुमालांच्या कडा हाताने दुमडून शिवायला सुरुवात केली, तेव्हा धाकटे दीर हसून म्हणाले होते, "वहिनी, नाक पुसायच्या कापडावर कधी घर चालतं का?" घर चाललं. दोन मुलं शिकली, मागच्या खोलीचा कारखाना झाला आणि दीरांचं नाकही त्याच रुमालांनी पुसलं गेलं.

"बारा विकलेले, तेरावा दिलेला," मोठ्या आई नव्या बायकांना सांगत. "विकलेल्याचे पैसे मिळतात. दिलेल्याचं माणूस मिळतं."

कारखान्यातल्या सगळ्या त्यांना मोठ्या आईच म्हणत. थोरल्या मुलाचं लग्न झालं, सून आली आणि वर्षा-दोन वर्षांत कारभार तिच्या हातात गेला. गेला म्हणजे मोठ्या आईंनीच दिला. डोळे थकले होते, आणि पोरगी हुशार होती. पण दिलेल्या वस्तूकडे माणूस वळून वळून बघतंच. मोठ्या आईही बघत.

मग सुनेने निर्यात मदत केंद्रात नाव घातलं. बायकांच्या लहान धंद्यांना परदेशात माल कसा पाठवायचा ते शिकवणारं केंद्र.

"रुमाल विकायला शाळा?" मोठ्या आई म्हणाल्या. "मग उद्या शिंकायलाही शिकवणी लावा."

सून हसली आणि शिकायला गेली. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंचं वर्णन ऐकून मोठ्या आईंनी घरबसल्या त्यांचं नाव ठेवलं, फूटपट्टी. कारण सून तिकडून आली की काही ना काही मोजायलाच घ्यायची. कडेची रुंदी मोज, टाके मोज, खोक्याची उंची मोज. एके दिवशी तिने शिवणाऱ्या बायकांची टेबलंसुद्धा मोजली आणि सुतार बोलावून ती उंच करून घेतली. मोठ्या आई म्हणाल्या, हे म्हणजे नमनालाच घडाभर तेल. पण त्या आठवड्यापासून बायकांची पाठदुखीची तक्रार बंद झाली. रंग उतरलेला माल परत यायचा, तो यायचा थांबला. दमट हवेत कापडाला वास लागू नये म्हणून सुनेने खोक्यात ठेवायच्या, ओल शोषणाऱ्या लहान पुड्या आणल्या, आणि मोठ्या आईंनी इतकी वर्षं उन्हामागे पळून जे केलं ते त्या पुडीने बसल्या जागी केलं. आणि एक दिवस समुद्रापलीकडच्या एका दुकानदारीण बाईची मागणी आली. रुमालांचीच नव्हे, केंद्रातल्या आणखी तिघींच्या मालाचीही. चौघींनी मिळून एकाच कंटेनरमधून माल पाठवायचा, असं ठरलं.

मोठ्या आई मनातून थक्क झाल्या होत्या. पण थक्क झालेलं दाखवायचं कशाला? सुना डोक्यावर बसतात.

फक्त एका गोष्टीने त्यांच्या जिवाला घोर लागला होता. माल बांधायची वेळ आली तसं घरात सारखं बारा, बारा, बाराच ऐकू येऊ लागलं. डझनाच्या गड्ड्या झाल्या, गड्ड्यांवर पट्ट्या बसल्या, पट्टीत बारा. तेराव्याचं कुणी नावही काढेना. पोरगी मोठी होतेय खरी, मोठ्या आईंच्या मनात आलं, पण होता होता कोरडी होतेय.

म्हणून खोकी बंद व्हायच्या आदल्या दिवशी, सून फोनवर होती तेवढ्यात, मोठ्या आईंनी आपल्या हाताने शिवलेले रुमाल घेतले आणि प्रत्येक खोक्यात सगळ्यात वर एकेक ठेवून दिला. वरून पुठ्ठा सरळ केला. त्या दुकानदारीण बाईला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तिची भाषाही येत नव्हती. पण खोकं उघडल्यावर तिला कळलं पाहिजे की हे घर मोजून मापून जगणाऱ्यांचं नाही. एवढं करून त्या चहा प्यायला बसल्या आणि तो चहा त्यांना फार गोड लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल केंद्राच्या गोदामात पोचला. "मलाही ने," असं मोठ्या आईंनीच हट्टाने म्हटलं होतं. गोदाम उंच पत्र्याचं, मधोमध वजनकाटा आणि दारात तोंड उघडून उभा असलेला ट्रक. तो संध्याकाळच्या आत बंदरावर पोचायला हवा होता. मेणबत्तीवाली आली होती, साबणवाली आली होती, कापडी पिशव्या शिवणारी आली होती. चौघींची खोकी चार रंगांच्या पट्ट्या लावून ट्रकात चढत होती. मोठ्या आईंना स्टूल दिलं गेलं. फूटपट्टी बाई त्यांना पहिल्यांदाच दिसल्या. वाटल्या होत्या तशा उंच, काटकुळ्या नव्हत्या. चांगल्या गोल होत्या आणि चष्मा सारखा नाकावर घसरत होता.

"बायांनो, शेवटचं एकदा ऐका," फूटपट्टी बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून सांगतेय. कागदावर जे लिहिलंय तेच खोक्यात. एक कमी चालणार नाही. आणि एक जास्तही चालणार नाही."

"जास्त असलं तर कुणाचं काय बिघडतं?" मोठ्या आईंनी स्टुलावरूनच विचारलं.

"मोठ्या आई ना तुम्ही? या, या," बाई म्हणाल्या. "बिघडतं ते असं. तपासणारा माणूस खोकं उघडतो. कागदावर नाही ती वस्तू त्याला सापडली, तर त्याच्या लेखी ती लपवलेली. कुणी कौतुकाने दिली की चोरून घातली, ते त्याने कसं ओळखायचं? तो कंटेनर अडवतो. एकीचं खोकं नाही, चौघींचा सगळा माल. तिकडे त्या बाईंच्या दुकानाचा हंगाम निघून जातो आणि त्या पुन्हा आपलं दार वाजवत नाहीत."

सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

मोठ्या आईंनी इकडे तिकडे पाहिलं. साबणवालीने या मागणीच्या भरवशावर चांगली नोकरी सोडली होती, हे सुनेनेच सांगितलं होतं. पिशवीवालीच्या हाताखाली अकरा बायका होत्या. मेणबत्तीवाली तर नुसती ट्रककडे बघत उभी होती, जशी लेक सासरी पाठवतात तशी.

"सगळी खोकी उघडतात का हो?" पिशवीवालीने विचारलं. तिचा आवाज जरा बारीकच होता.

"सगळी कुठली? एखाद-दुसरं."

एखाद-दुसरं. म्हणजे गप्प बसलं तरी निभावेल. मोठ्या आईंनी पदर सारखा केला. इतक्या जणींसमोर, सुनेच्या मानाच्या दिवशी, आपणच उठून सांगायचं की तिच्या कामाला मी खोट लावली? घरी गेल्यावर मुलगा काय म्हणेल? म्हातारीला कशाला नेलंस, असंच म्हणेल. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती भिंतीशी उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. बिचारी, पहिलाच माल. तो बुडाला तर माझ्यामुळे बुडेल, आणि हिला शेवटपर्यंत कळणारही नाही की कुणामुळे.

ते मात्र त्यांना सोसवेना. त्या उठल्या.

"ट्रक थांबवा," मोठ्या आई म्हणाल्या. "आमच्या खोक्यांत रुमाल जास्तीचे आहेत. प्रत्येकात एक. मी घातलेत. हिला माहीत नाही, हिच्याकडे बोट दाखवायचं नाही कुणी."

हमालाने डोक्यावरचं खोकं डोक्यावरच धरून ठेवलं.

सुनेने सासूकडे बघितलंही नाही. फक्त हमालाला म्हणाली, "दादा, निळ्या पट्टीची सगळी खोकी खाली घ्या."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं, मोठ्या आईंना वाटलं. त्या पहिल्या खोक्याशी बसल्या. पट्टी कापली, पुठ्ठा उचलला. वरच त्यांचा रुमाल होता, कोपऱ्यात त्यांच्या हातचं लहानसं फूल. तो त्यांनी काढून घेतला.

"झालं. बाकी माल बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"नाही मोठ्या आई. खोकं उघडलं की पूर्ण मोजायचं, हा नियम," फूटपट्टी बाई म्हणाल्या आणि चक्क फरशीवर मांडी घालून बसल्या. गड्ड्या बाहेर आल्या. मोजल्या, पुन्हा मोजल्या. सगळ्या बरोबर. खोकं रिकामं झालं.

रिकामं झालं नव्हतं. तळाशी एक सुटा रुमाल अंथरलेला होता.

मोठ्या आईंनी तो उचलला. मी तर वर ठेवला होता, त्यांना काही उमजेना. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी कडेवर बोट फिरवलं. टाके उलट्या बाजूला झुकलेले. कारखान्यात इतक्या बायका होत्या, पण डावखुरी एकच, आणि तिने कारभार घेतल्यापासून सुई हातात धरली नाही असं मोठ्या आई गावभर सांगत होत्या.

त्यांनी मान वर केली. सुनेचे कान लालबुंद झाले होते.

"कधी शिवलेस गं हे?"

"पहाटे. तुम्ही उठायच्या आधी," सून म्हणाली. "प्रत्येक खोक्यात एक घातला. म्हटलं, तुमचा तेरावा कसा सोडायचा? शिकले सगळं, वहीत लिहूनही घेतलं, पण हात ऐकेना. मघाशी मीच बोलायला हवं होतं, आई. बाई सांगत होत्या आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. तुम्ही उठलात. मी नाही उठले."

ज्या पोरीला मोठ्या आई मनातल्या मनात कोरडी म्हणत होत्या, तिने त्यांचीच रीत त्यांच्याही आधी, त्यांच्याही खाली जपून ठेवली होती. लाज वाटली आणि आनंदही झाला, आणि दोन्ही इतकं एकदम झालं की डोळे पुसायला त्यांनी तोच रुमाल वापरला.

"अहो बाई," मागून पिशवीवालीचा बारीक आवाज आला. "माझीही खोकी खाली घ्यायला लागतील."

"काय?"

"दोन-दोन पिशव्या आहेत जास्तीच्या. लहानशाच आहेत हो."

फूटपट्टी बाईंनी चष्मा काढला. साबणवालीकडे पाहिलं. साबणवाली छताकडे बघत होती.

"वड्यांचे तुकडे आहेत," ती म्हणाली. "वाया कशाला घालवायचे म्हणून."

"आणि तू गं?"

मेणबत्तीवाली आधीच ट्रकात चढून आपली खोकी पुढे ढकलायला लागली होती.

घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय! फूटपट्टी बाई आधी रागावल्या. चांगल्या रागावल्या. एवढं शिकवून हे फळ का, म्हणाल्या. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसताच त्यांनी बाह्या सरसावल्या. "चला. दुपारच्या आत सगळं पुन्हा बांधायचं. गप्पा नंतर."

आणि मग ते गोदाम बघण्यासारखं होतं. कुणी कापतंय, कुणी मोजतंय, कुणी वजनकाट्यावर चढवतंय. साबणवाली रुमाल मोजत होती, पिशवीवाली मेणबत्त्या. एकीचं मोजून झालं की दुसरी पुन्हा मोजे, आणि सून सगळ्यांमधून फिरत आकडे कागदाशी ताडून बघत होती, कुठे न अडखळता, कुणावर न खेकसता. फूटपट्टी बाईंनी स्वतः पट्ट्या चिकटवल्या. मोठ्या आई बघत राहिल्या. धंदा म्हणजे आपण, सुई आणि खिडकी, असंच त्यांना आजवर वाटत आलं होतं. इतक्या जणी एकमेकींच्या मालाला आपला समजून हात लावतात, हे त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. ही पोरगी त्या शाळेत मोजायलाच शिकली नव्हती तर.

"त्या बाईंना द्यायचंच असेल," फूटपट्टी बाई काम करता करता म्हणाल्या, "तर पुढच्या वेळी कागदावर लिहू. भेट म्हणून, किंमत घालून. तसं चालतं."

"किंमत घातली तर ती भेट कसली?" मोठ्या आई म्हणाल्या.

"मग इथेच वाटा."

तसंच झालं. जास्तीचे रुमाल, पिशव्या, साबण, मेणबत्त्या हमालांना, काट्यावरच्या माणसाला आणि ड्रायव्हरला मिळाल्या. फूटपट्टी बाई नको नको म्हणत असताना त्यांच्या पर्समध्ये चारही वस्तू गेल्या. ट्रकचं दार बंद झालं, त्याला सील लागलं आणि ट्रक वेळेत फाटकाबाहेर पडला. मेणबत्तीवाली रडली आणि मग सगळ्याच थोड्या थोड्या रडल्या.

आवराआवर करताना सुनेच्या लक्षात आलं की मोठ्या आईंच्या मुठीत अजून एक रुमाल आहे, उलट्या टाक्यांचा, भिजून चोळामोळा झालेला.

"द्या आई, तो खराब झालाय. तुम्हाला दुसरा देते."

"हात लावू नकोस," मोठ्या आई म्हणाल्या आणि त्यांनी मूठ पोटाशी धरली. "आयुष्यभर लोकांना तेरावा देत आले. मला कुणी दिला नव्हता."