तिसरा पाय

कारापूरच्या हॉलमध्ये त्या रविवारी बाबुराव एका पायावर उभा राहिला आणि पडला नाही. एवढ्यावर शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही हसाल, पण तुम्ही आमचा बाबुराव पाहिलेला नाही. वजन शंभराच्या घरात, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. देवळात घंटा वाजवतानासुद्धा तो दुसऱ्या हाताने खांब धरतो.

त्याच्या आधी दोन मिनिटं गौरेश सरांनी त्याला असाच उभा केला होता. पसरलेल्या हातावर दोन बोटं ठेवून जरासं दाबलं, तर गडी भेलकांडत पहिल्या रांगेत बसलेल्या स्वतःच्या बायकोच्या, मालतीच्या अंगावर जाता जाता राहिला. मग सरांनी त्याच्या गळ्यात काळ्या दगडाचं पदक घातलं आणि पुन्हा दाबलं, चांगला जोर लावून. बाबुराव हलेना.

"ही ज्वालामुखीच्या पोटातली ऊर्जा," सर म्हणाले. "गुडघे मोकळे, रक्त पातळ, मन स्थिर. पण मी काय पदकं विकायला आलोय? मी तुम्हाला स्वातंत्र्य द्यायला आलोय." मे महिना, तीन पंख्यांतला एक बंद, आणि हे कोट घालून. मला त्यांची दयाच आली.

हे स्वातंत्र्य अठ्ठावीस हजारांना होतं. तेवढ्यात पदकांचा किट, फाईल आणि एक टाय. मग आपल्याखाली तीन माणसं आणायची. या माणसांना ते 'लेग' म्हणतात. आमच्या वाड्यावर त्याचा लगेच 'पाय' झाला. तीन पाय झाले की सिल्व्हर, पायांना पाय फुटले की गोल्ड, आणि पाच वर्षांनी एक्झिट. म्हणजे आपण घरी बसायचं आणि पायांनी चालायचं.

मी सदाशिव, वीज खात्यात लाइनमन. मी या भानगडीत पडलोच नसतो. पण आदल्या संध्याकाळी शेवंती वयनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, दारात आली.

"सदाशिव, माझे दोन पाय झाले," ती म्हणाली. "तिसरा तू हो."

"डॉक्टरला दाखवलंस काय गो?"

ती हसली नाही. भाऊ गेल्यापासून नऊ वर्षं वयनी जत्रांतून खाज्यांचं दुकान लावते. बेसनाच्या कांड्या तळायच्या आणि गूळ-आल्याच्या पाकात घोळवायच्या. तिच्या खाज्यासाठी माणसं दोन दुकानं ओलांडून येतात. सासूकडून आलेली तळणाची मोठी काहील, दुकानाचं सामान आणि जत्रेतली जागा, सगळं तिने डिचोलीच्या एका हलवायाला द्यायचं ठरवलं होतं. किटाचे पैसे त्यातून यायचे होते. सोमवारी सकाळी टेंपो येणार होता.

"काहील गेली तर खाशील काय, वयनी?"

"धुराने डोळे गेले रे माझे. पाच वर्षं काढली की सुटले."

धूर खराच होता. मला फार वाईट वाटलं, आणि म्हणूनच मी रविवारी हॉलमध्ये जाऊन बसलो.

सगळे बाबुरावाकडे बघत होते. मी सरांच्या बोटांकडे बघत होतो: पहिल्यांदा ती मनगटाजवळ होती, पदक घातल्यावर कोपराजवळ. पंचवीस वर्षं शिडीवर काढली आहेत मी. शिडीवरच्या माणसाला खांबाच्या बाजूला दाबलं तर तो खांबाला टेकतो, बाहेर ओढलं तर खाली येतो. एवढं कळलं नसतं तर मी आज ही गोष्ट सांगायला नसतो.

"कोणाला काही शंका?" सरांनी विचारलं.

"मी एकदा दाबून बघू?"

"या की, या."

मी बाबुरावाचं पदक काढलं. वयनीने सरांसाठी खाज्याची पुडी आणली होती, त्यातलं एक खाजं त्याच्या खिशात टाकलं. त्याला एका पायावर उभं केलं आणि कोपराजवळ, त्याच्या अंगाच्या बाजूने दाबलं. बाबुराव जागच्या जागी.

"आता सांगा, ही ऊर्जा कोणाची? ज्वालामुखीची की वयनीच्या काहिलीची?"

हॉल हसायला लागला. मग मी पदक परत त्याच्या गळ्यात घातलं आणि मनगटाजवळ, बाहेरच्या बाजूला दाबलं. पदकासकट बाबुराव माझ्या अंगावर आला. धरायला जड गेला. मालतीने स्वतः उठून दोनदा करून बघितलं. दुसऱ्यांदा उगाचच.

"पदकाचं सोडा हो," सर म्हणाले. "खरा धंदा नेटवर्कचा."

"बरं. वयनी, तू पुढे उभी राहा."

तिच्यामागे मी तीन माणसं उभी केली. त्यांच्यामागे नऊ, मग सत्तावीस. त्यामागची रांग एक्याऐंशीची, आणि हॉलमध्ये उरली होती साठ.

"गाव मोठं आहे," सर म्हणाले.

"किती मोठं? माझ्या हद्दीत मीटर चारशे बारा, शेतातले पंप आणि देवळं धरून. मीटरमागे एक किट धरा, तर सातव्या रांगेलाच माणसं लागतात सातशे एकोणतीस. देवाला टाय घालणार काय? आणि बघा, शेवटच्या रांगेतच सगळ्यात जास्त माणसं. त्यांना पायच मिळत नाहीत, आणि पुढच्यांचे खिसे भरतात ते त्यांच्याच पैशांनी."

शेवटच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. वयनी मात्र सरांकडे बघत होती.

"तू सुर्ल्याचा गौरेश न्हय? खनिजाचा ट्रक होता तुझा. यात किती वर्षं झाली?"

"सहा."

"मगे एक्झिट?"

गौरेशने टाय सैल केला. "ट्रक विकून यात पैसे घातले, वयनी," तो हळूच म्हणाला. "माझ्या वरचा माणूस आता फोन उचलत नाही."

सोमवारी टेंपो आला. वयनीने हलवायाला पाव किलो खाजी बांधून दिली आणि टेंपो रिकामा परत पाठवला. धुराचं म्हणाल तर मी चुलीवर पत्र्याचं धुराडं बसवून दिलं. ते नऊ वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं, ही माझी चूक. पुढच्या हंगामात वयनीचं सामान भाड्याच्या टेंपोतून गौरेश जत्रांना नेऊ लागला. कोट कुठे गेला ते कोणी विचारलं नाही.

पहिल्याच जत्रेत बाबुराव लंगडत दुकानाशी आला. "वयनी, त्या दिवसाचं ते खाजं दे. गुडघ्यासाठी. खिशात ठेवीन."

मी कपाळावर हात मारला. वयनीने त्याच्या हातात पुडी ठेवली.

"हे खायचं असतं, बाबुराव. गुडघा डॉक्टरला दाखव. आणि पुन्हा कोणी एका पायावर उभं राहायला सांगितलं, तर आधी विचार, कशाला? दोन आहेत ना तुला?"