स्टँडवरचा उलटा खांब

मित्रांनो, मी एक जुना सागवानी खांब आहे आणि गेली पाच वर्षं मी डोक्यावर उभा आहे. हसू नका. भिगवणच्या एसटी स्टँडवर माझ्या सावलीत बसून तुम्ही भेळ खाल्ली असेल, पण माझ्याकडे नीट पाहिलं नसेल. तुमचं सगळं लक्ष बारामतीच्या गाडीकडे.

माझं पहिलं घर जुन्या पळसदेवात, धोंडाबाईंच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत. माझ्यावर एक खुंटी होती, इतकी उंच की पिशवी अडकवताना धोंडाबाईंना टाचा उचलाव्या लागत. उजनी धरणाचं पाणी आलं तेव्हा भिंती तिथेच राहिल्या. मला मात्र त्यांनी बैलगाडीत घालून वर आणलं. नव्या पत्र्याच्या घरात मी मावेना. पंधरा वर्षं गोठ्याच्या कडेला आडवा पडून होतो. कोंबड्या माझ्यावर बसत. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

१९९३च्या उन्हाळ्यात स्टँड अपुरं पडू लागलं. माणसं उन्हात ताटकळत, मासळीची पाटी घेऊन धोंडाबाईही त्यांतच. मग गावानं ठरवलं, स्टँडच्या भिंतीला जोडून लाकडी पडवी काढायची आणि ज्याच्याकडे जुनं लाकूड असेल त्यानं ते द्यायचं. धोंडाबाईंनी मला दिलं. अट एकच घातली, करवत लावायची नाही. त्या घराचं माझ्याशिवाय त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं.

म्हस्कू सुतार कामाला पक्का. झाड वाढलं तसाच खांब उभा करायचा, बुंधा खाली, शेंडा वर. उलटा खांब लागला तर त्या घरात माणूस टिकत नाही, असं तो मानायचा. म्हणून त्यानं माझ्या बुंध्याला गेरूची खूण केली. पण धोंडाबाईंची माया आडवी आली. पाठवणीच्या दिवशी त्यांनी मला घासून धुतलं, तेल चोळलं आणि ओरखडा नको म्हणून गोणपाटात गुंडाळलं. खूण गेली पाण्याबरोबर.

गाड्या काही थांबत नव्हत्या. एक गेली की दुसरी येईपर्यंत होईल तेवढं काम. मला उचललं आणि नेमकी इंदापूरची गाडी हॉर्न वाजवत आत शिरली. त्या धांदलीत मी उभा राहिलो. पत्रे चढल्यावर गोणपाट सोडलं, तर जुन्या, कधीच निखळलेल्या खुंटीचं भोक गुडघ्याशी. म्हस्कू शिडी लावून वर पाहून आला. माझं टोक वरच्या तुळईत ठोकून पक्कं झालं होतं. आता काढायचं तर करवतच लागणार. मी फार घाबरलो होतो.

त्यानं धोंडाबाईंना बोलावून खाली मान घालून सगळं सांगितलं. त्या कितीतरी वेळ माझ्यावरून हात फिरवत राहिल्या.

"म्हस्कूदादा, सुलटा हुता तवाबी घर पाण्यात गेलंच की," त्या म्हणाल्या. "आन् हितं टिकायचंय कुणाला? हितं समदी जायलाच येत्यात. ऱ्हाऊ दे त्येला."

म्हस्कूनं डोळे पुसले आणि त्या भोकात नवी खुंटी ठोकून दिली.

मित्रांनो, माझ्यावर किल्लीनं नावं कोरू नका. दिवाळीला कुणी तेलाचा हात फिरवला तर बरं वाटेल. आणि धोंडाबाई बसल्या जागेवरून त्या खुंटीला पिशवी अडकवून, मला पाठ टेकून बसलेल्या दिसल्या, तर गाडी आली म्हणून त्यांना हलवू नका. त्यांची गाडी केव्हाच गेलेली असते. त्या जरा वेळ आपल्या सोप्यात बसलेल्या असतात.