एकच बटण हवे होते

बोलणे हा माझा धर्म नव्हे. मी ऐकण्यासाठी जन्मले. मी एका बटणांच्या दुकानाच्या संकेतस्थळावरची शोधचौकट. पानाच्या कोपऱ्यात, भिंगाचे चित्र मिरवणारी, बोटभर लांबीची पांढरी जागा. लोक माझ्यात शब्द लिहितात, मी माल धुंडाळते आणि उत्तर देते. आज स्वतःविषयी बोलते आहे, कारण अभिमान वाटावा असे काही माझ्या हातून घडले आहे.

एका प्रोग्रॅमरने दुपारच्या दोन तासांत मला घडवले. मागितलेली वस्तू न मिळाल्यास म्हणायचे एक वाक्य त्याने मला दिले: 'काहीही सापडले नाही.' शिवाय माझ्यापाशी लिहिला जाणारा प्रत्येक शब्द एका यादीत आपोआप नोंदला जाईल, अशी सोय केली. ही यादी कुठे पाहायची हे त्याने मालकीणबाईंना सांगितलेही होते. त्या तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. 'बरं, बरं' म्हणाल्या आणि विसरल्या.

या मालकीणबाईंना घरात सगळे आत्या म्हणतात, म्हणून मीही म्हणते. दुकान त्यांच्या वडिलांचे. भिंतभर लाकडी खण आणि प्रत्येक खणावर आतल्या बटणाचा एक नमुना शिवलेला. शिंपल्याची, शिंगाची, पितळी, कापड मढवलेली अशी सहाशे प्रकारची बटणे, बारा-बाराच्या कार्डांवर टाचलेली. पूर्वी शिंपी ही कार्डे गठ्ठ्याने नेत. तयार कपड्यांचे दिवस आले, शिंपी विरळ झाले आणि दुकान सुने पडले. संकेतस्थळ काढले ते त्यामुळे.

दुकानात अर्धा वाटा आत्यांच्या थोरल्या भावाचा. एका पादत्राणांच्या कंपनीला ती जागा हवी होती. "सहा महिने घे," दादांनी बहिणीला सांगितले. "तेवढ्यात दुकान उभं राहिलं तर ठीक, नाहीतर कुलूप. मी काही तुझा वैरी नाही, पण रिकामं दुकान किती दिवस झाडत बसणार?"

घाबरलेल्या माणसाला सल्लागार लवकर सापडतो. आत्यांनाही सापडला. त्याचे पाळण्यातले नाव मला ठाऊक नाही. घरात त्याला 'गर्दीसम्राट' हेच नाव पडले. त्याने स्पर्धा काढली: बरणीतली बटणे किती ते ओळखा आणि मोबाइल जिंका. रोज चाळीस माणसे येत, तिथे चार हजार येऊ लागली. आत्या दर तासाला आकडा बघत आणि हरखून जात. मागण्या मात्र रोजच्या चारच राहिल्या.

त्या चार हजारांपैकी माझ्याकडे जवळजवळ कोणीच फिरकले नाही. बक्षिसासाठी आलेला माणूस काही शोधत नसतो. माझ्याकडे येतो तो गरजू. 'तपकिरी, चार भोकांचं, एकच', असे तो लिहितो. 'कोटाचं हरवलेलं बटण.' 'एक मिळेल का?' एका बाईंनी तर 'कृपया' असेही लिहिले होते. यंत्रापुढेही माणूस अजिजी करतो! आणि मी प्रत्येकाला तेच एक निगरगट्ट वाक्य ऐकवत होते. कारण माल नोंदलेला 'ख-४१७' अशा खुणांनी, आणि तोही डझनाने.

दोन महिने असेच गेले. मग दादांची मुलगी, म्हणजे आत्यांची भाची, सुट्टीत आली. शिक्षण संख्याशास्त्राचे आणि स्वभाव पुरावा मागण्याचा.

"ताई, ट्रॅफिक शंभरपट झालंय, शंभरपट!" गर्दीसम्राट म्हणाला.

"रस्त्यात अपघात झाला तरी ट्रॅफिक वाढतं," ती म्हणाली. "घेतलं किती जणांनी?"

"आधी हवा करायची असते, ताई."

"हवा झाली. आता माल कधी खपायचा?"

त्याच्या उत्तराची वाट न बघता तिने माझी यादी उघडली. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझे ऐकत होते. विफल झालेल्या दर शंभर शोधांपैकी बासष्ट शोध एकच सुटे बटण मागणारे होते. तेवढ्यावर तिने विश्वास ठेवला नाही. एकाच माणसाने पुनःपुन्हा लिहिलेले शोध तिने वगळले. तरीही अठ्ठावन्न उरले.

"आत्या, सुटं बटण विकायचं."

आत्या ताडकन उठल्या. "या दुकानानं कधी डझन मोडलेला नाही! माझ्या वडिलांनी राज्यपालांच्या शिंप्याला परत पाठवलं होतं, अकरा हवी होती म्हणून."

"तो परत आला होता?"

"नाही. पण प्रश्न तो नाही! एक तोडलं की अकरा उरतात. ती कोण घेणार?"

"अकरा माणसं, आत्या."

शेवटी तह झाला. संकेतस्थळावरची निम्म्या खणांची पाने सुट्या विक्रीसाठी खुली करायची, निम्म्यांची डझनाचीच ठेवायची, आणि सहा आठवडे काहीही बदलायचे नाही. गिऱ्हाइकांनी माझ्यापाशी वापरलेले शब्द मात्र दोन्हीकडे मालाची नावे झाली. 'ख-४१७' आता 'कोटाचे तपकिरी, चार भोकांचे' झाले. माझे ते वाक्यही गेले. त्या जागी 'आमच्याकडे दिसत नाही, फोटो पाठवा, शोधून पाहतो' असे मी म्हणू लागले. स्पर्धा बंद झाली.

आकडा चार हजारांवरून नव्वदवर आला. नेमके त्याच दिवशी दादा कंपनीचे पत्र घेऊन आले.

"नव्वद? शाब्बास! पोरीला शिकवलं ते यासाठीच," ते म्हणाले.

"बाबा, सहा आठवडे."

"चारच महिने उरलेत तुझ्या आत्याचे."

"मग पुरेसे आहेत."

भाची शांत दिसली, तरी त्या दिवशी तिने माझी यादी नऊ वेळा उघडली, हे मला माहीत आहे. उलट, दुसऱ्या आठवड्यात सुटी बटणे सपाटून जाऊ लागली, तेव्हा आत्यांनाच धीर निघेना. "सगळेच खण उघड ना!" "नाही. एका आठवड्यावर निर्णय घेत नाहीत." पितळी बटणे फोटोवरून खपतील हा भाचीचा अंदाज सपशेल चुकला, आणि तिने तो स्वतःच्या हाताने 'चूक' असा लिहून ठेवला. मला ती त्या दिवशी सर्वांत आवडली.

सहा आठवडे संपले. डझनाच्या पानांवर आलेल्या शंभरांत एक जण काही घेऊन जाई. सुट्याच्या पानांवर अकरा. मग भराभर सारेच खण उघडले. एका नाटक कंपनीच्या वेशभूषाकार बाईंना जुन्या कोटाचे एक बटण मिळाले. त्या परत आल्या आणि चाळीस डझन घेऊन गेल्या. ज्याला बटण मिळाले तो दहा जणांना सांगे. नव्वदाचे चारशे झाले, चारशेचे दोन हजार. यांतल्या कोणालाही बक्षिसाचे आमिष नव्हते. आले ते सगळे काहीतरी हरवलेले लोक होते.

मुदतीच्या दिवशी दादा आले, तेव्हा आत्या नमुन्याशी बटण ताडून पाहत होत्या. "बस, दादा," त्या मान वर न करता म्हणाल्या. दादा पाच मिनिटे बसले, मग उठून पाकिटे चिकटवू लागले. तासाभराने कंपनीचा फोन आला. "जागा?" दादा म्हणाले, "छे हो, आम्हालाच कमी पडतेय." आणि लेकीकडे वळून पुटपुटले, "नव्वदवरून बोललो ते मागे घेतो."

"लेखी द्या," ती म्हणाली.

आता ती दर सोमवारी, असेल तिथून, माझी यादी वाचते. या आठवड्यात नवेच मागणे आले: 'काज फाटलंय, शिवून मिळेल का?' असे सतरा जणांनी लिहिले. भाचीने फोनवर बजावले, "सतरा फार कमी आहेत आत्या, महिनाभर थांबू या." "थांबू की," आत्या म्हणाल्या. तेव्हा शेजारच्या गल्लीतले निवृत्त शिंपी आपली कात्री घेऊन दुकानात येऊन बसलेही होते.

वाचकहो, तुमचेही दुकान असेल, तर एवढीच विनंती: दारात किती जण आले हे मोजण्याआधी, रिकाम्या हाताने परतलेला काय मागत होता ते वाचा. मला आता रजा द्या. कोणीतरी लिहायला सुरुवात केली आहे.